कार्यकारिणीची मुदत, कुत्र्याची पिढी

ब्रीड क्लबच्या, म्हणजे कुत्र्यांची एखादी जात जपणाऱ्या संस्थेच्या, विषयपत्रिकेत ‘दीर्घकालीन नियोजन’ हा विषय बहुधा शेवटून दुसरा असतो. शेवटचा म्हणजे ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’. तोवर शोचं मैदान, ट्रॉफ्यांचे दर, जज कोणाला बोलवायचं यात दुपार होते. आणि नागपुरात दुपारी एकच्या पुढे कुठल्याही सभेचा सावजीच्या रश्श्यापुढे टिकाव लागत नाही. ‘पाहू ना राजेहो, पुढच्या मीटिंगमध्ये,’ असं कुणीतरी म्हणतं आणि कारवान हाउंडची, म्हणजे दख्खनच्या सडपातळ शिकारी कुत्र्याची, पुढची १२ वर्षं पुढच्या मीटिंगवर ढकलली जातात.

१२ हा आकडा उगाच नाही. २०१७च्या श्वान प्रजनन नियमांप्रमाणे १८ महिन्यांच्या आतल्या मादीचं मेटिंग करता येत नाही. पुढे तिची तपासणी, माजाची वाट, ६३ दिवसांचा गाभणकाळ आणि पिल्लं वाढून त्यांचा दर्जा कळेपर्यंतचा काळ धरला, की कुत्र्याची एक पिढी तीन-चार वर्षांची होते. कार्यकारिणीची मुदतही साधारण तेवढीच. म्हणजे आजच्या कमिटीने ज्या जोड्या लावल्या, त्यांच्या नातवंडांचे दात मोजायला ती कमिटी खुर्चीवर नसते. म्हणून आराखडा आर्थिक वर्षांचा नको, पिढ्यांचा हवा, आणि तोही निदान तीन.

पहिल्या पानावर ध्येयवाक्य लिहायची हौस असते. तिथे त्याऐवजी एक गणित लिहावं. प्रजननात असलेले नर गुणिले माद्या, गुणिले ४. त्याला नर अधिक माद्या या बेरजेने भागायचं. उत्तर येतं ती त्या गटाची ‘प्रभावी संख्या’. समजा, क्लबच्या नोंदीत पिल्लं देणाऱ्या ३० माद्या आहेत आणि सगळी मेटिंग तीन नामांकित नरांकडून होतात. ३६० भागिले ३३, म्हणजे साधारण ११. कागदावर ३३ कुत्री, पण रक्ताच्या हिशेबाने ११च. आता त्याच ३० माद्यांना २२ नर वापरा, उत्तर ५०च्या थोडं वर जातं. पशुपैदाशीत ५० ही किमान पातळी मानतात, कारण तिथे अंतःप्रजनन (जवळच्या रक्ताच्या नात्यात होणारं प्रजनन) दर पिढीला सुमारे १ टक्क्याने वाढतं. ११ असताना ते साडेचार टक्क्यांनी वाढतं. सख्ख्या भावंडांच्या मेटिंगमधून आलेल्या पिल्लाचा अंतःप्रजननाचा गुणांक २५ टक्के, सावत्र भावंडांच्या साडेबारा. हे आकडे समोर असले की कळतं, तीन पिढ्या ‘फक्त चॅम्पियनच’ वापरणारा क्लब कोणालाही न विचारता सगळी पिल्लं सावत्र भावंडांच्या मेटिंगमधून आल्यासारखी करून ठेवतो. मग लिटर, म्हणजे एका वेतातली पिल्लं, लहान होतात, पिल्लं जगत नाहीत, माद्या रिकाम्या जातात, आणि दोष ब्रीडरने कुत्र्यांना घातलेल्या खाण्यापिण्याला दिला जातो.

इथे खरी अडचण गणिताची नाही, मान-अपमानाची आहे. ज्याच्या कुत्र्याने शो जिंकला त्याला ‘आता याचं मेटिंग थांबवा’ हे सांगणार कोण? म्हणून मर्यादा आधीच, कोणाचाही कुत्रा जिंकण्यापूर्वी, ठरवून ठेवावी. एफसीआय या श्वान क्लबांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची शिफारस अशी: पाच वर्षांत जातीत जेवढी पिल्लं नोंदली जातात, त्यांच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त एका नराची असू नयेत. २०० पिल्लं नोंदली गेली तर एका नराची १०, म्हणजे दीड-दोन लिटर. हे ऐकून स्टडचे, म्हणजे मेटिंगसाठी वापरल्या जाणाऱ्या नरांचे, मालक खुर्च्या मागे सरकवतात. सरकवू द्याव्यात.

उलट टोकाची चूक उत्साही क्लब करतात. डीएनए चाचणीत एखादा कुत्रा सुप्त दोषाचा वाहक (दोष अंगात बाळगणारा, पण स्वतः आजारी नसलेला) निघाला की त्याला प्रजननातून काढून टाकतात. वाहकाचं मेटिंग दोषमुक्त जोडीदाराशी केलं तर एकही पिल्लू आजारी होत नाही. सरासरी निम्मी वाहक असतात, निम्मी स्वच्छ. त्यांतलं स्वच्छ पिल्लू ठेवायचं आणि पुढे जायचं. सगळे वाहक एकदम बाद केले तर एक दोष जातो, पण त्यांच्याबरोबर जातीतलं बाकीचं रक्तही जातं आणि मघाची प्रभावी संख्या आणखी खाली येते.

नागपूरचं ऊन हाही आराखड्यातला मुद्दा आहे, फक्त शोची तारीख ठरवण्यापुरता नाही. नराचं वीर्य तयार व्हायला सुमारे ६२ दिवस लागतात. मे महिन्यात ४५ अंशांत होरपळलेल्या नराचा हिशेब जून-जुलैत लागतो. त्या वेळी मादी रिकामी गेली तर नराला कायमचा नापास करू नये, सप्टेंबरात पुन्हा तपासावं. सप्टेंबर-ऑक्टोबरातलं मेटिंग सगळ्यांत सोयीचं. पिल्लं नोव्हेंबर-डिसेंबरात होतात, आठ आठवड्यांची होऊन (त्याआधी विकता येत नाहीत) जानेवारी-फेब्रुवारीत नव्या घरी जातात, आणि उन्हाळ्याआधी रुळतात. मात्र डिसेंबरच्या रात्री १० अंशांपर्यंत उतरतात आणि पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पेटीत ३० अंशांच्या आसपास ऊब लागते. दिव्याची सोय आणि वीज गेल्यावर गरम पाण्याच्या बाटल्या, दोन्ही हाताशी हवं. माद्या अर्थात क्लबचं कॅलेंडर वाचून माजावर येत नाहीत.

कारवानच्या बाबतीत आणखी एक प्रश्न आहे, आणि तो पुढे ढकलता येत नाही: हा कुत्रा आता करणार काय? दख्खनच्या माळावर सशामागे धावण्यासाठी तो घडला, आणि सशाची शिकार आता गुन्हा आहे. नुसत्या रिंगमध्ये उभं करून निवड केली तर पाच-सहा पिढ्यांत देखणी मान उरेल, दम जाईल. त्यामुळे हिवाळ्यात सकाळी सहाला, दोरीवर ओढलेल्या प्लास्टिकच्या पिशवीमागे धावायच्या चाचण्या घ्याव्यात आणि वेळ नोंदवावी. बरोबर जनावरांचा डॉक्टर हवा, आणि तो शिकारी कुत्र्यांची नाडी ओळखणारा हवा. या सडपातळ जातींच्या अंगावर चरबी कमी असते आणि थायोपेंटलसारखी काही भुलीची औषधं त्यांच्या शरीरातून हळू निघतात, त्यामुळे त्यांचा असर फार वेळ टिकतो. थायरॉइडचे आकडेही निरोगी असताना इतर कुत्र्यांपेक्षा कमी दिसतात. सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय गावातच असताना तिथल्या तज्ज्ञांना शोच्या उद्घाटनालाच बोलवायचं हे बरं नव्हे.

या सगळ्याला पुरणारी एकच गोष्ट क्लबकडे असते: नोंदवही. प्रत्येक पिल्लाचा १५ अंकी मायक्रोचिप क्रमांक, आईबाप, किती जन्मली, किती जगली, आणि सहसा कोणी लिहीत नाही ते, कुत्रं किती वर्षांचं होऊन कशाने मेलं. मृत्यूचा रकाना भरला नाही तर पिढीजात आजार कधीच सापडत नाही. मालक दुःखात असतो, फॉर्म भरत नाही. मृत्यूनंतर महिनाभराने कोणीतरी फोन करायचा, एवढं एकच काम एका सभासदाला द्यावं.

कमिटी बदलली की धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची माहिती, द्यावा लागतो, तेवढं सगळे कसंबसं करतात. नोंदवहीचं हस्तांतर मात्र राहून जातं. आता ती ऑनलाइन असते, आणि पासवर्ड बदलायला गेलं की ओटीपी जातो माजी सचिवांच्या मोबाइलवर, जे निवडणूक हरल्यापासून फोन उचलत नाहीत. क्लबच्या नावावर वेगळं सिमकार्ड घ्यावं आणि त्याचं रिचार्ज अंदाजपत्रकात ट्रॉफ्यांच्या वरच्या ओळीत दाखवावं.