खान्देशात राहून रॉक गाणं पूर्ण कसं करावं

रॉकमध्ये वर्षानुवर्षं टिकायचं तर गाणं लिहिणं, वाजवणं आणि रेकॉर्ड करून पूर्ण करणं ही तिन्ही कामं एकाच माणसाला यावीत, असं माझं ठाम मत आहे. जळगाव-धुळ्याच्या बँडला दर गाण्यासाठी पुण्या-मुंबईचा स्टुडिओ परवडत नाही. शिवाय अहिराणीला कसला आवाज शोभतो, हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

सुरुवात शब्दांपासून. 'काय करी ऱ्हायना' ही ओळ 'आ'वर संपते. ध्रुवपदातला उंच, लांब सूर अशा जागी ठेवा. 'ई'वर तोच सूर धरला की गळा आवळतो. मग क्लिकवर (ठेक्याची टिकटिक) कच्ची गिटार आणि कच्चं गाणं घ्या. तेच 4 बीपीएम (मिनिटाचे ठोके) कमी आणि 4 जास्त करून पुन्हा गा. शब्द कुठे तोंडात अडकतात ते लगेच कळतं.

गाण्यात भजनी मंडळातली पेटी असेल तर ती आधी ट्यूनरवर तपासा. जुन्या पेट्या बहुधा 440 हर्ट्झच्या प्रमाण सुरावर नसतात, आणि पेटीचे सूर जागेवर बदलता येत नाहीत. म्हणून गिटार, बास आणि कीबोर्ड तिच्याशी जुळवायचे. हे राहिलं तर मिक्समध्ये (सगळे ट्रॅक एकत्र बसवताना) काहीही केलं तरी गाणं बेसूरच वाटतं.

खोलीला अंड्यांचे ट्रे चिकटवू नका, त्यांनी जवळपास काहीच साधत नाही. आपल्याकडे कापसाच्या गाद्या घरोघरी आहेत. 4 इंची गादी भिंतीपासून 4 इंच सोडून गायकाच्या पाठीमागे टांगा. माइकचं तोंड गायकाकडे असतं, त्यामुळे त्याच्या मागच्या भिंतीचा प्रतिध्वनी थेट आत येतो. माइक तोंडापासून 15-20 सेंटिमीटरवर, मध्ये पॉप फिल्टर ('प', 'ब'चे फटके अडवणारी जाळी).

ड्रमला चार माइक पुरतात: किक (पायानं वाजणारा मोठा ड्रम), स्नेअर (समोरचा खणखणीत ड्रम) आणि वर दोन. वरचे दोन्ही स्नेअरच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर हवेत, सुतळीनं मोजा. 34 सेंटिमीटरचा फरक म्हणजे सुमारे 1 मिलिसेकंदाचा उशीर. तेवढ्यानं स्नेअर पोकळ वाजतो. मिक्स मोनोत (डावा-उजवा एकत्र करून) ऐका, स्नेअर-माइकची पोलॅरिटी (लहरीची दिशा) उलटून पाहा आणि ज्यात आवाज भरीव येईल ते ठेवा. गिटारच्या ॲम्पला माइक जाळीपासून 2-3 सेंटिमीटरवर, स्पीकरच्या मधल्या टोपीच्या कडेला. मध्यावर आणला की कर्कश होतो, बाहेर सरकवला की मंद. ही जागा शोधायला वेळ द्या, नंतरचं इक्वलायझर त्याची भरपाई करत नाही.

मे महिन्यात पहाटे रेकॉर्ड करा. टेकच्या (एका सलग रेकॉर्डिंगच्या) वेळी कूलर बंदच हवा: घरघर तर येतेच, पण ओल्या हवेनं गिटारची मान आणि ड्रमची खोडंही हलतात. उन्हानं तारा सैल होऊन सूर उतरतो, म्हणून प्रत्येक टेकआधी ट्यूनिंग. वीज गेली की स्वस्त, स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरची गुणगुण ॲम्पमध्ये शिरते. त्या वेळी लॅपटॉप बॅटरीवर आणि इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा) यूएसबीवर चालवून फक्त गायन घ्या. एरवी 50 हर्ट्झची गुणगुण आली तर आधी अर्थिंग पाहा. 24 बिट, 48 किलोहर्ट्झ आणि सर्वांत मोठा आवाज उणे 10 डेसिबलच्या आसपास (0 वर आवाज फाटतो), एवढं पुरे.

कागद मात्र पहिल्या टेकआधीच करा. कॉपीराइट कायद्यानं ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे ते करण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेणारा; पाच जणांनी पैसे घातले असतील तर मालकी कुणाची ते लिहून ठेवा. गीतकार आणि संगीतकार वेगळे लिहा. या कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनं त्यांना मिळालेला रॉयल्टीचा समान वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटीशिवाय कुणाला देऊन टाकता येत नाही. करारात मुदत नसेल तर ती 5 वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. गाणी लोक वाजवू लागली की आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासदत्व घ्याच.

मिक्स झाल्यावर गायनाविनाची, नुसत्या वाद्यांची आवृत्तीही तेव्हाच काढून ठेवा, आणि सगळे ट्रॅक शून्यापासून सुरू होणाऱ्या वेव्ह फाइलमध्ये दोन वेगळ्या डिस्कवर.