उजव्या अंगठ्याची सवय

सहा वर्षं मी फक्त रिमोटवरची हेलिकॉप्टरं उडवली. ४५० आकाराची, म्हणजे रोटरचा, वरच्या फिरत्या पात्यांचा, व्यास साधारण ७० सेंटीमीटर. पहिले चार महिने एकाच गोष्टीत गेले: जमिनीपासून मीटरभर उंचीवर, शेपटी माझ्याकडे ठेवून, ते एका जागी धरून ठेवायचं. मग कूस माझ्याकडे करून. मग नाक माझ्याकडे करून, जिथे डावं-उजवं उलटं होतं आणि डोकं तापतं. हेलिकॉप्टर हवेत आहे तोवर ट्रान्समीटरच्या दोन स्टिकांवर, म्हणजे छोट्या दांड्यांवर, दोन्ही अंगठे हलतच राहतात. सेकंदभर दुर्लक्ष झालं की ते कुठेतरी कलंडायला लागतं. हे सगळं हातात पक्कं बसल्यावर मी विमान घेतलं आणि मला मनापासून वाटलं होतं की आता हे सोपं जाईल.

विमान साधंच होतं. फोमचं, पंख अंगाच्या वर बसवलेले, पंखांचा पल्ला १.४ मीटर, पुढे नाकाखाली एक चाक. एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्या), एलिव्हेटर (नाक वर-खाली), रडर (नाक डावी-उजवीकडे) आणि थ्रॉटल (मोटरचा जोर) एवढेच चार चॅनेल. मैदानावर एक काका आहेत, तीसेक वर्षं विमानं उडवतात. त्यांनी माझा ट्रान्समीटर त्यांच्या ट्रान्समीटरला जोडून घेतला. काही बिनसलं तर त्यांनी एक बटण सोडायचं की ताबा त्यांच्याकडे. त्यांनी विमान वर नेलं, चांगलं साठ-सत्तर मीटरवर, आणि म्हणाले, ‘‘घे.’’

मी घेतलं आणि विमान डुलायला लागलं. डावीकडे, उजवीकडे, नाक वर, नाक खाली. मी प्रत्येक हेलकाव्याला उत्तर देत होते आणि माझंच उत्तर पुढचा हेलकावा होत होतं.

‘‘स्टिक सोड.’’

‘‘सोडू?’’

‘‘अगं, सोड. दोन्ही अंगठे बाजूला घे.’’

सहा वर्षांत हवेतल्या यंत्रावरून मी एकदाही अंगठे उचलले नव्हते. उचलले. विमानाने एक पंख जरासा खाली होता तो स्वतःच वर घेतला, नाक सरळ केलं आणि शांतपणे पुढे जात राहिलं. पंख मुळापासून टोकाकडे किंचित वर चढत गेलेले असतात, त्यामुळे एका बाजूला कललं की ते परत सावरतं, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि आपण काहीही न करता ते होताना बघणं वेगळं. माझ्या घशात काहीतरी दाटून आलं, ते मी काकांना सांगितलं नाही.

रेडिओवर चालणारी विमानं हेलिकॉप्टरांच्या कितीतरी आधी का आली, तेही मला त्या दिवशी पटलं. अमेरिकेतल्या वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांचं ‘गफ’ १९३७ मध्ये उडलं. रेडिओवरचं हेलिकॉप्टर नीट ताब्यात यायला १९६०च्या दशकाचा शेवट उजाडला, जर्मनीत डीटर श्ल्यूटर यांच्या हातून. विमानाला मुळात स्वतःचं स्वतः उडता येतं, रेडिओने त्याला फक्त वळ म्हणायचं असतं. हेलिकॉप्टरला मात्र प्रत्येक क्षणी कुणीतरी धरून ठेवावं लागतं.

काही गोष्टी खरोखर आयत्या मिळाल्या. विमान माझ्याकडे तोंड करून येत असताना नवशिक्यांचा गोंधळ होतो, तो माझा झाला नाही. रडरही. विमान शिकणारे बरेच जण डावा अंगठा आडवा हलवतच नाहीत. मी शेपटी सांभाळूनच मोठी झालेली, त्यामुळे वळताना एलेरॉनबरोबर रडर आपोआप जात होता आणि नाक वळणाच्या बाहेर रेंगाळत नव्हतं. जमिनीवरून धावताना विमान डावीकडे ओढ घेतं, तिथेही उजवा रडर मला कुणी सांगावा लागला नाही.

पाचव्या दिवशी काकांनी जोडणी काढली. आणि त्याच दिवशी मी विमान पाडलं.

ते कसं पडलं हे मी नीट लिहून ठेवते, कारण हेलिकॉप्टरवरून विमानाकडे येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात हीच चूक आधीपासून असणार असं मला वाटतं. विमान समोरून येत होतं, वीसेक मीटर उंचीवर, माझ्या अंदाजापेक्षा जवळ आणि जोरात. मला ते थांबवायचं होतं. हेलिकॉप्टर असं अंगावर येताना आपण उजवी स्टिक मागे ओढतो, रोटर मागे कलतो, ब्रेक लागतो. त्या वेळी ते वर उसळू नये म्हणून डावी स्टिक जरा खाली. हजारो वेळा केलेली हालचाल आहे, विचार लागतच नाही. तीच मी केली. विमानाच्या भाषेत तिचा अर्थ होतो, नाक वर आणि मोटरचा जोर कमी. विमानाने नाक वर केलं, वेग संपवला, हवेत क्षणभर अडकल्यासारखं दिसलं आणि डावा पंख टाकून सरळ खाली आलं. स्टॉल, म्हणजे पंखांनी विमान पेलणं सोडून देणं. नाकाचा भाग चेपला, पंखाचा जोड तुटला.

काका तुकडे गोळा करायला बरोबर आले. म्हणाले, ‘‘तू त्याला थांब म्हणालीस. त्याला थांबता येत नाही.’’

एवढंच बोलले. मी ते वाक्य घरी आणलं आणि फोम चिकटवताना त्यावर विचार करत बसले. हेलिकॉप्टरची पाती स्वतःच फिरत असतात, मिनिटाला अडीच हजारांवर फेरे. हवेतला वेग तिथे पात्यांना मिळतो, बाकीचं यंत्र जागेवर उभं असलं तरी चालतं. विमानाचे पंख फिरत नाहीत. त्यांना वेग हवा तर अख्खं विमानच पुढे जायला हवं. म्हणजे अडचणीत असताना मला जी सुटका वाटत होती, जागेवर उभं राहणं, तीच विमानासाठी सगळ्यात वाईट जागा होती.

दुरुस्तीनंतरचे तीन दिवस मी फक्त स्टॉल केले. खूप उंच जायचं, थ्रॉटल खाली, एलिव्हेटर हळूहळू मागे, नाक पडेपर्यंत. मग स्टिक पुढे, वेग येऊ द्यायचा, थ्रॉटल, आणि हलक्या हाताने सरळ. पंधरा-वीस वेळा केल्यावर आधीची खूण ओळखता यायला लागली: एलेरॉन सैल पडतात, विमान आज्ञा उशिरा ऐकतं. वळणातला स्टॉलही करून पाहिला. उंची राखून ६० अंशांत कललं की पंखांवरचा भार दुप्पट होतो आणि स्टॉलचा वेग सुमारे १.४ पट. सरळ उडताना पुरेसा वाटणारा वेग तिथे पुरत नाही.

वारा असला की डोळेही फसवतात. विमान हवेतून ताशी ४० किलोमीटरने जात असेल आणि वारा १५चा असेल, तर वाऱ्याबरोबर जाताना ते जमिनीवरून ५५ने पळताना दिसतं. आपण घाबरून थ्रॉटल कमी करतो. पंखांना मात्र त्या ५५चा काही उपयोग नाही, त्यांना हवेतले ४०च मिळत असतात.

उतरवणं शिकताना एक चांगली गोष्ट हाती लागली. उतरताना उंची थ्रॉटलने सांभाळायची आणि वेग एलिव्हेटरने, असं काकांनी सांगितलं. कमी पडतंय असं वाटलं की नाक वर ओढायचं नाही, थ्रॉटल वाढवायचा. इतरांना हे उलटं वाटतं म्हणे. मला नाही वाटलं. हेलिकॉप्टरमध्ये उंची डाव्या अंगठ्यातच असते. म्हणजे सहा वर्षं माझा डावा हात विमानाचंच काहीतरी शिकत होता, नडत होता तो उजवा.

पुढे एकदा टायमर लावायचा राहिला आणि बॅटरी उतरल्यावर मोटर हवेतच बंद झाली. तीस मीटर उंची, मैदान वाऱ्याच्या दिशेला. उजवा अंगठा मागे जायला निघाला होता. मी तो पुढे ढकलला. नाक खाली गेलं, वेग राहिला, विमान घरंगळल्यासारखं येत राहिलं, आणि अगदी गवतावर आल्यावर मी स्टिक मागे घेतली. ते टेकलं आणि थोडं धावून थांबलं.

त्यानंतरच्या आठवड्यात मी हेलिकॉप्टर बाहेर काढलं. ऑटोरोटेशन मी सहा वर्षं टाळत आले होते. मोटर बंद करायची आणि केवळ खालून येणाऱ्या हवेवर पाती फिरत ठेवून उतरायचं. दरवेळी मी पात्यांचा कोन लवकर वाढवायचे, फेरे संपायचे आणि शेवटचा मीटरभर ते आदळायचं, म्हणून सोडून दिलं होतं. या वेळी वाऱ्याच्या तोंडावर, तीस मीटरवरून, मोटर तोडणारं थ्रॉटल होल्डचं बटण दाबलं. पात्यांना थोडा उणा कोन दिला, नाक पुढे ठेवलं आणि ते उतरत्या विमानासारखं येऊ दिलं. दोन-तीन मीटरवर आल्यावर उजवी स्टिक मागे. इथे ती हालचाल बरोबर होती. मग डावी हळूच वर.

स्किड, म्हणजे पोटाखालच्या आडव्या दांड्या, गवतावर हातभर घसरले. पाती अजून फिरत होती, सुस्त, मोजता येतील इतकी. ती पूर्ण थांबेपर्यंत मी तिथेच उभी राहिले.