सँडहर्स्ट रोड छापून बघा

एक्सेलची शीट उडाली की माणूस दोन मिनिटांत बोंब मारतो. फॉन्टचं तसं नाही. फॉन्टमधलं काही उडालं तरी फाइल गुमान उघडते, यादीत नाव दिसतं, 'अ आ इ ई' झोकात उमटतं. उडालेलं कळतं ते कुणीतरी नेमका तो शब्द टाइप केल्यावर. तो शब्द बहुधा लग्नपत्रिकेत असतो, आणि पत्रिका तोवर छापून झालेली असते.

गिरगावातले एक पत्रिकावाले काका आम्ही बनवलेले फॉन्ट वापरतात. त्यांची तक्रार एका वाक्याची असते, "ताई, तुमचा फॉन्ट फुटतोय." मागोमाग व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो. 'दुसऱ्या दिवशी' मधला ऱ सुटा, त्याच्या पायाशी लोंबणारा हलंत आणि शेजारी अख्खा 'या'. चौकशी केली तेव्हा कळलं की त्यांच्या ऑपरेटरनं टीटीएफ, म्हणजे फॉन्टची तयार फाइल, एका फुकटच्या फॉन्ट-एडिटरमध्ये उघडून रिकाम्या जागी गणपतीचं चित्र बसवलं आणि सेव्ह केलं. "बाकी कशाला हातसुद्धा लावला नाही हो," असं तो शपथेवर सांगत होता. ते खरंच होतं. हात न लावलेलंच गेलं होतं.

फॉन्टच्या फाइलीत अक्षरांची चित्रं असतात आणि ती कशी वापरायची याचे नियम असतात. ऱ, हलंत आणि य ओळीनं आले तर कोणतं चित्र उचलायचं, हे जीसब नावाच्या तक्त्यात लिहिलेलं असतं. अनुस्वार, मात्रा, उकार नेमके कुठे बसवायचे, ते जीपॉसमध्ये. एडिटर फाइल उघडतो तेव्हा त्याला जेवढं समजतं तेवढं तो वाचतो, आणि सेव्ह करताना तेवढंच परत लिहितो. जे समजलं नाही ते गाळतो, आणि बरेचदा सांगतही नाही. 'सेव्ह झालं' याचा अर्थ एवढाच, की डिस्कवर काहीतरी लिहिलं गेलं. इंग्रजी फॉन्टमधून हे तक्ते गेले तर कर्निंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, बिघडतं, एफ आणि आयची जोडी सुटते, पण मजकूर वाचता येतो. देवनागरीत जोडाक्षरंच जातात. मग उरतं काय?

मराठीचं एक जास्तीचं दुखणं आहे. आपल्या वळणाचा ल आणि श बऱ्याच फॉन्टांत मराठी भाषेच्या टॅगखाली वेगळे ठेवलेले असतात. तो टॅग गळाला की ल हिंदी वळणाचा होतो. यावर कुणाचाच फोन येत नाही. जाहिरात छापून येते, लोक वाचतात, फक्त ती दिल्लीहून आल्यासारखी दिसते. मला विचाराल तर फुटलेल्या ऱ्यापेक्षा हे वाईट. फुटलेलं निदान दुरुस्त होतं.

म्हणून टीटीएफ उघडून त्यात सुधारणा करायच्या नसतात. ती तयार झालेली फाइल. तिच्यातली वळणं दुसऱ्या गणितात बदललेली असतात, एकमेकांवर चढलेले आकार सहसा वितळवून एक केलेले असतात, गाइडलाइनी आणि मागच्या लेयरवरचं स्केच तर आलेलंच नसतं. त्यातून मूळ सोर्स, म्हणजे ज्यात फॉन्ट रेखाटला तो कच्चा माल, परत मागणं म्हणजे इडली दाखवून तांदूळ मागणं. बदल सोर्समध्ये करायचा आणि टीटीएफ दर वेळी नवी काढायची.

सोर्स तरी सुरक्षित असतो का, तर त्यालाही खोडी आहेत. सोर्स बऱ्याचदा यूएफओ नावाच्या प्रकारात ठेवतात, आणि ती फाइल नसून फोल्डर असतं. प्रत्येक अक्षराची वेगळी ग्लिफ फाइल आणि त्या सगळ्यांची यादी असलेली कंटेंट्स नावाची एक फाइल. यादीतून नोंद गळली तर अक्षर डिस्कवर शाबूत असूनही एडिटरला दिसत नाही. त्यामुळे 'क्ष गेला' म्हणून डोकं धरायच्या आधी फोल्डर उघडून बघावं, तो बिचारा बहुतेक तिथेच असतो. खरा जातो तो ट. बरेच जण त ला स्मॉल टी-ए आणि ट ला कॅपिटल टी-ए असं नाव देतात. विंडोज आणि मॅकच्या डिस्का, मुद्दाम बदल केला नसेल तर, फाइलच्या नावात स्मॉल-कॅपिटल भेद करत नाहीत. चांगले एडिटर कॅपिटलनंतर अंडरस्कोअर घालून ही टक्कर टाळतात, पण घरगुती स्क्रिप्टनं फाइली लिहिल्या की एक दुसऱ्यावर जाऊन बसते. एरर नाही, काही नाही. टोमॅटोचा तोमॅतो.

उलटाही ताप असतो. बदल व्यवस्थित सेव्ह झालेला असतो आणि स्क्रीनवर जुनंच अक्षर, कारण सिस्टिमनं जुना फॉन्ट कॅशमध्ये, म्हणजे आपल्या तात्पुरत्या साठ्यात, धरून ठेवलेला. लोक वैतागून तोच बदल परत करत बसतात. चाचणीच्या वेळी फॉन्टचं नाव तात्पुरतं बदलावं, म्हणजे ही भानगड सुटते. शिवाय अक्षर खरंच गायब असेल तर सिस्टिम गुपचूप दुसऱ्या फॉन्टातून उसनं आणते. मॅकवर कोहिनूर, विंडोजवर निर्मला नाहीतर सुलेखनकार र. कृ. जोशींचा मंगल. मंगल उत्तमच, पण आपल्या जाड अक्षरांत तो शिरला तर ओळखायला नजर मुरलेली लागते.

सोर्समधून टीटीएफ एक्सपोर्ट झाल्यावर मी चाचणीसाठी मुंबईच्या लोकल स्टेशनांची नावं छापते. विद्याविहारला द्य, विक्रोळीला क्र, जोगेश्वरीला श्व, मुंब्र्याला ब्र, कुर्ला आणि चर्नी रोडला रफार, ग्रँट रोडला चंद्र आणि अनुस्वार एकाच डोक्यावर. ऱ्ह साठी मात्र लोकल सोडून कऱ्हाडला जावं लागतं. सगळ्यात खडतर सँडहर्स्ट रोड. अर्धा स, त्याला ट, वर रफार. हे नाव नीट उमटलं तर फॉन्ट पाठवायला हरकत नाही.

आता सात स्टेशनांची नावं बदलायचा ठराव विधिमंडळानं जुलै २०२४ मध्ये केला आहे. त्यात सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, चर्नी रोडचं गिरगाव. दोन्ही नावं फॉन्टच्या दृष्टीनं अगदीच सोपी, मी जरा हिरमुसलेच होते. मग यादीत किंग्ज सर्कल दिसलं. त्याचं व्हायचंय तीर्थंकर पार्श्वनाथ. रफार आणि अनुस्वार एकाच थ वर, आणि पुढे र्श्व. कागदावर तो बदल होईल तेव्हा होईल, माझ्या टेस्ट फाइलीत तो केव्हाच झालाय.