बोट विकली नाही, मग ब्रोकरचं काय?

बोट विकायची नाही असं शेवटी ठरलं, घरातले खूश झाले, पण माझ्या डोक्यात पहिला आला तो ब्रोकर. चार महिने राबला होता तो. फोटो काढायच्या आधी बिल्जमधलं, म्हणजे बोटीच्या तळाशी साचलेलं, पाणी स्वतः उपसलं, इंजिनचे तास, सर्व्हिसची जुनी बिलं सगळं लावून लिस्टिंग टाकलं, सात पार्ट्या बोटीवर आणून दाखवल्या.

ॲग्रीमेंट काढून वाचलं. या धंद्यात साधारण १० टक्के कमिशन असतं आणि ते व्यवहार झाल्यावरच, नाहीतर ब्रोकरला शून्य. मधेच बोट काढून घेतली तर काय, याबद्दल आमच्या कागदात एक ओळ नव्हती. म्हणजे कागदावर मी काही देणं लागत नव्हतो. पण तुमचा कागद नीट बघा हं, मागितलेल्या किमतीला तयार असलेलं गिऱ्हाईक त्याने आणलं आणि मग तुम्ही मागे फिरलात तर बऱ्याच ॲग्रीमेंटमध्ये पूर्ण कमिशन लागतं, आणि ते मला बरोबरच वाटतं, त्याने त्याचं काम केलेलं असतं. माझ्याकडे तशी ऑफर नव्हती. एक जण मात्र सर्व्हे, म्हणजे घेण्याआधी तज्ज्ञाकडून बोटीची तपासणी, ठरवायच्या बेतात होता, आणि सर्व्हेचा, बोट पाण्याबाहेर काढायचा खर्च सहसा गिऱ्हाइकाच्याच खिशातून जातो. म्हणून त्याच संध्याकाळी ब्रोकरला फोन केला. दोन दिवस उशीर केला असता तर त्या माणसाचे पैसे गेले असते आणि नाव ब्रोकरचं खराब झालं असतं.

तो म्हणाला, राहू द्या, धंद्यात चालतंच. मला नाही पटलं. कमिशनचा अर्धा-पाव हिस्सा द्यावा असं आधी वाटलेलं, पण विक्रीच नाही तर टक्के कशाचे काढणार? मग फोटो-जाहिरातीची बिलं, येण्याजाण्याचं पेट्रोल, आणि सात फेऱ्यांचे सात दिवस, तो दुसऱ्यांच्या बोटी पोचवायला दिवसाचा जो दर घेतो त्या दराने, एवढं दिलं. शिवाय लेखी दिलं की पुढे कधी विकली तर त्याच्यामार्फतच, हे पैसे तेव्हा कापायचे नाहीत, आणि त्या सातांपैकी कोणी वर्षभरात थेट माझ्याकडे येऊन बोट घेतली तरी पूर्ण कमिशन त्याचं.

दुसऱ्या दिवशी त्याने सात नावांची यादी सहीला पाठवली. खाली लिहिलं होतं, आता ठेवताच आहात तर बिल्जचा पंप बदलून घ्या.