साडेअकरा लिटरमध्ये आठ दिवसांचं खाणं

रिसप्लायची बादली, म्हणजे ट्रेकच्या मधल्या टप्प्यावर आधीच पाठवून ठेवायचं खाणं, पोस्टात टाकायच्या आदल्या रात्री मी सगळं खाणं जमिनीवर पसरून बसले होते आणि बेअर कॅनिस्टरचं, म्हणजे अस्वलाला उघडता येत नाही अशा डब्याचं, झाकण काही केल्या लागत नव्हतं. खाणं कोंबून कोंबून भरलेलं, आणि टूथपेस्ट, सनस्क्रीन, लिप बाम, वाइप्स सगळं अजून बाहेरच. वास येणारी प्रत्येक गोष्ट रात्री डब्यात गेली पाहिजे हे माहीत होतं, पण हिशोब मी फक्त जेवणाचा केला होता.

मी चालणार होते तो जॉन म्यूर ट्रेल म्हणजे अमेरिकेत कॅलिफोर्नियात योसेमिटी व्हॅलीपासून माउंट व्हिटनीपर्यंत साधारण ३४० किलोमीटर. उत्तरेकडून निघालं की पहिल्या अर्ध्यात रेड्स मेडोसारख्या जागी सामान आधी पाठवता येतं, तिथे फार डोकं लावावं लागत नाही. खरी गोची म्यूर ट्रेल रँचनंतर, म्हणजे साधारण अर्ध्या वाटेवरच्या सामान पाठवता येणाऱ्या जागेनंतर. तिथून व्हिटनी चढून खाली उतरेपर्यंत जवळजवळ १७५ किलोमीटर, आणि मधेच एखाद्या खिंडीतून बाहेर पडून परत आत यायचं नसेल तर सगळं पाठीवर. रोजचे वीसेक किलोमीटर धरले तर नऊ दिवस. पहिल्या दिवसाचं बाहेर ठेवलं तरी चालतं, कारण ते रात्रीपर्यंत पोटात गेलेलं असतं. राहिले आठ दिवस आणि माझा डबा साडेअकरा लिटरचा, म्हणजे दिवसाला जेमतेम १.४ लिटर, टूथपेस्ट धरून.

म्हणून माझं मत असं की वजनाआधी जागा मोजा. फॅटमध्ये ग्रॅममागे ९ कॅलरी असतात, कार्ब आणि प्रोटीनमध्ये ४, त्यामुळे ऑलिव्ह ऑइल, पीनट बटर, बदाम यांनी डब्यातली जागा खूप वाचते. चिप्स आणि नूडल्स मी चुरून टाकले, फ्रीझ-ड्राइड जेवणाची जाड पाकिटं फोडून सगळं पातळ झिपलॉकमध्ये भरलं, जी फोडायची नव्हती त्यांना टाचणीनं भोक पाडून हवा काढली आणि वर टेप लावली. शेवटच्या दिवसाचं तळाशी, उद्याचं वर. रात्री दीड वाजता झाकण लागलं एकदाचं! हे घरीच करून बघा, प्लीज, तिकडे पोचल्यावर उरलेलं खाणं कुठे ठेवणार?

अस्वलांचं म्हणाल तर तिथे फक्त ब्लॅक बेअर आहेत, ग्रिझली नाहीत, आणि नाव ब्लॅक असलं तरी बरीचशी तपकिरी असतात, रंग बघून घाबरू नका. योसेमिटीत बेअर स्प्रेला, म्हणजे अस्वलावर मारायच्या तिखट फवाऱ्याला, बंदी आहे. दिसलं तर पळायचं नाही, हात वर करून मोठं दिसायचं, जोरात ओरडायचं, आणि त्याला जायला वाट मोकळी ठेवायची. खाणं झाडाला टांगणं तिथे चालत नाही. डबा तंबूपासून निदान ३० मीटरवर सपाट जमिनीवर ठेवायचा, कड्याजवळ नको, पाण्याजवळ नको, आणि दोरी तर बांधूच नका कारण अस्वल दोरी धरून अख्खा डबा ओढून नेतं.

कंटाळा आला म्हणून एक रात्र एनर्जी बार सॅकमध्ये राहू देणारे लोक बघितले की मला खरंच राग येतो. एकदा माणसाच्या खाण्याची चटक लागली की ते अस्वल परत परत येतं, धीट होत जातं, आणि शेवटी कधीकधी त्यालाच मारावं लागतं. चूक आपली आणि जीव त्याचा.

रँच सोडल्यावर चौथ्या रात्री मला बाहेर काहीतरी घरंगळल्याचा आवाज आला. सकाळी बघते तर डबा ठेवलेल्या जागेपासून पंधरा पावलांवर आडवा, वर नवे ओरखडे आणि वाळलेली लाळ. झाकण जसंच्या तसं, आतले ओट्स कोरडे. पलीकडे ओढ्याकाठच्या ओल्या मातीत पंजे उमटले होते, ते पाण्यातून पार होऊन झाडीत गेले होते.