बोहारणीचा हिशोब आणि माझी गिटार

आमच्या डोंबिवलीच्या जुन्या घरी महिन्यातून एकदा बोहारीण यायची. दारात फतकल मारून बसायची, डोक्यावरची पाटी उतरवायची आणि आईचा चेहराच बदलायचा. दोन जरीच्या साड्या, बाबांची एक पँट, आणि त्यावर स्टीलचं एक पातेलं. तासभर चालायचं. आई साड्या एकदम बाहेर काढायची नाही. तिचं एकच पालुपद असायचं, "आधी पातेल्याचं बोल. साड्यांचं मग बघू." मला तेव्हा तो निव्वळ हट्ट वाटायचा. त्यात गणित होतं, हे कळायला मला सेहेचाळीस वर्षांची व्हावं लागलं आणि एक गिटार बदलून घ्यावी लागली.

गिटार 2002 सालची, 1,800 रुपयांची. पहिल्या नोकरीतल्या दिवाळीच्या बोनसमधून घेतलेली. मोठ्या पोटाची, स्टीलच्या तारांची. या आकाराला ड्रेडनॉट म्हणतात, आणि ते नाव 1906 साली पाण्यात उतरलेल्या एका ब्रिटिश युद्धनौकेवरून आलंय, हे मला खूप उशिरा कळलं. माझ्या उजव्या खांद्याला मात्र ते आधीपासूनच माहीत असावं.

खांद्याचं सोसलं असतं. अडलं ते डाव्या हाताच्या अनामिकेवर. सकाळी उठल्यावर बोट वाकलेलंच राहायचं आणि दुसऱ्या हाताने उघडलं की कट् आवाज करून सरळ व्हायचं. डॉक्टर म्हणाले, ट्रिगर फिंगर. गिटार सोडा असं काही ते म्हणाले नाहीत. "दाब कमी करा" म्हणाले. मी आधी स्वस्तातला उपाय केला, बारा नंबरच्या तारा काढून दहा नंबरच्या लावल्या. फरक पडला, पण चिमूटभर. कारण दुखणं तारांच्या जाडीपेक्षा त्यांच्या उंचीत होतं. तारा मानेवरच्या पट्टीपासून, जिच्यावर बोटांनी त्या दाबायच्या असतात, इतक्या वर उचलल्या गेल्या होत्या की एफ कॉर्ड (म्हणजे बऱ्याच तारा एकदम दाबून वाजवायचा स्वरांचा गट) धरणं म्हणजे मुठीत लिंबू पिळणं.

मग नायलॉनच्या तारांची गिटार घ्यायचं ठरवलं. सहा स्टीलच्या तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या आसपास जातो, नायलॉनचा चाळीसच्या आसपास. हा फरक बोटाला वाचून नाही, धरून कळतो. पूर्वी या तारा जनावरांच्या आतड्याच्या असायच्या, म्हणजे आपल्या पिंजाऱ्याच्या धनुकलीला असते तशी तात. दुसऱ्या महायुद्धात ती तात शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी लागू लागली, गिटारवाल्यांना मिळेना, आणि त्या टंचाईतून नायलॉन आलं.

आता जुनीचं काय? घरात दोन गिटारी ठेवायला आमच्याकडे जागा नाही. कपाटावर सासूबाईंची पेटी आहे आणि ती हलणार नाही.

आधी जुन्या वस्तू विकायच्या एका ॲपवर फोटो टाकला. दोन दिवसांत चौदा निरोप आले, त्यातले अकरा "लास्ट किती?" एवढेच. एकाने फोटोसुद्धा न बघता सगळी किंमत मान्य केली. आपण लष्करात आहोत, बदली झालीये, माणूस पाठवून गिटार उचलतो, पैसे आत्ताच पाठवतो म्हणाला. मग क्यूआर कोड आला, "स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील." पैसे घ्यायला पिन लागत नाही, तो द्यायलाच लागतो, एवढं मला माहीत होतं. ॲप काढून टाकलं आणि दुकानात जाऊन बदलून घ्यायचं ठरवलं.

पहिलं दुकान जवळचंच होतं. जायच्या आदल्या रात्री मी गिटार घासूनपुसून लख्ख केली आणि पट्टीचं लाकूड कोरडं दिसत होतं म्हणून त्यावर बोटभर खोबरेल चोळलं. दुकानातल्या मुलाने गिटार हातात घेतली, एकदा वरून खाली तारा छेडल्या आणि म्हणाला, "अडीच हजार धरू, मॅडम." बावीस वर्षं वापरलेल्या 1,800 च्या वस्तूचे अडीच हजार! मी मनातल्या मनात पेढे वाटले. नवी गिटार 9,900 ची, म्हणजे वर 7,400 द्यायचे. तो आकडा तो तीनदा बोलला, "वर फक्त सात-चार." मी विचार करून सांगते म्हटलं, ते केवळ पाकिटात तेवढे पैसे नव्हते म्हणून. अक्कल होती म्हणून नव्हे.

शनिवारी धोबी तलावला जायचं ठरवलं, कारण तिथे एकाला दोन-तीन दुकानं आहेत आणि दुरुस्ती करणारेही बसतात. गोव्याहून मुंबईला आलेल्या लोकांचे कूड, म्हणजे गावागावाच्या राहायच्या सामायिक जागा, याच भागात, बँडवाले, व्हायोलिनवाले इथलेच, त्यामुळे वाद्यांचा बाजार इथे रुजला. अकराच्या गाडीत बायकांच्या डब्यात गिटार गुडघ्यांमध्ये उभी धरून बसले. समोर क्लिपा विकणारीने दोनदा बघितलं आणि विचारलं, "वाजवत जा ना, माझापण माल खपंल." सीएसएमटीला उतरून भुयारी मार्गातून बाहेर पडून चालत गेले. ऊन असलं की दहा मिनिटांचं अंतर गिटारीच्या वजनाने वीसचं होतं.

दुकानात शिरायच्या आधी एका दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. सत्तरीचे असतील. एवढीशी खोली, भिंतीवर पोटं उघडी पडलेली व्हायोलिनं, आणि सरसाचा वास. त्यांनी गिटार न वाजवता डोळ्यासमोर आडवी धरली आणि एक डोळा मिटून मानेच्या टोकाकडून बघितलं, सुतार फळी बघतो तसं. मग पट्टीवर नाक टेकवलं.

"खोबरेल लावलंस, बाय?"

मी हो म्हटलं.

"डोक्याला लावायचं ते. इथे चिकट होऊन बसतं, वास मारतो."

स्टीलची फूटपट्टी बाराव्या फ्रेटवर, म्हणजे पट्टीवर आडव्या बसवलेल्या धातूच्या बाराव्या कडेवर, उभी केली. तार पाच मिलिमीटर वर. अडीच-तीन असायला हवी. "मान थोडी वाकलीय. आतली सळई फिरवून तेवढं निघेल. पण मुख्य गोष्ट इथे आहे," असं म्हणून त्यांनी ब्रिजवर, म्हणजे खाली तारा अडकवलेल्या लाकडी तुकड्यावर, बोट ठेवलं आणि कागद मागितला. माझ्या हातात रेल्वेचं रिटर्न तिकीट होतं, तेच घेतलं. तिकिटाचा कोपरा ब्रिजच्या मागच्या कडेला लावून हलकेच ढकलला, आणि तो आत गेला. चांगला अर्धा सेंटिमीटर. बावीस पावसाळ्यांत सरस मऊ पडत गेला होता, वरची फळी ब्रिजच्या मागे पोट सुटल्यासारखी फुगली होती, आणि तारा ब्रिजला तसूतसूने उचलत होत्या. मी वर्षानुवर्षं बोटाला दोष देत होते.

दुरुस्ती करून मग बदलायला नेऊ का, असं विचारलं. ते हसले. "मी पंधराशे घेणार, दुकानवाला पाचशे वाढवणार. मोडीत द्यायचं सोनं कोण पॉलिश करून देतं?" बघण्याचे पैसे घेतले नाहीत. मी आग्रह केला तर चहा सांगायला लावला.

त्या खोलीत उभं राहून चहा पिताना मला आईची आठवण आली, की अडीच हजार ऐकून झालेला आनंद तेव्हाच जरा आंबट झाला होता, नक्की सांगता येत नाही. पण दुसऱ्या दुकानात शिरले ती गिटार बाहेरच्या काउंटरवर ठेवून, पिशवीची चेन बंद. जुनी आहे हे सांगितलंच नाही. नायलॉनची हवीय म्हटलं.

नवी निवडायला तासभर लागला, आणि तो तास मी कुणाला देणार नाही. विक्रेत्याने आधी पिकअपवाली, म्हणजे स्पीकरला जोडता येणारी, दाखवली, कारण ती महाग. मग जपानी कंपनीची, इंडोनेशियात बनलेली साधी क्लासिकल. त्याच मॉडेलच्या तीन मागवल्या. एकाच कारखान्यातल्या तिन्ही वेगळ्या बोलतात. तीनही काकांसारख्या एक डोळा मिटून बघितल्या (मला काही दिसलं नाही, पण विक्रेता सावध झाला). प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट एकेक करून वाजवला. कंटाळवाणं काम, पण पहिलीची चौथी तार सातव्यावर खरखरली ती त्यातच कळली. मग बाराव्या फ्रेटची परीक्षा. तारेच्या बरोबर मध्यावर नुसता स्पर्श करून निघणारा स्वर आणि तिथेच दाबून निघणारा स्वर एक यायला हवा. दुसरीचा दाबलेला स्वर किंचित चढा होता. तिसरी जुळली. शेवटी विक्रेत्याला म्हटलं, तुम्ही वाजवा, मी समोर उभी राहते. गिटार आपण नेहमी मागून ऐकतो, घरातले पुढून. तिसरीचा आवाज पुढून गोल होता, थोडा दबका. मला चालणार होता. शेजाऱ्यांना तर नक्कीच.

तारांमधलं अंतर मात्र अंगावर आलं. जुनीची पट्टी नटपाशी, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाला, 43 मिलिमीटर रुंद, हिची 52. नऊ मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. सी कॉर्डवरून जी ला जाताना करंगळी वाटेतच राहिली.

मग विचारलं, "रोखीने कितीला?"

"छापील नऊ-नऊ आहे. तुम्हाला आठ-चारला देतो."

8,400. मी तो आकडा मोबाइलवर त्याच्यासमोरच लिहून ठेवला आणि मगच बाहेरच्या काउंटरकडे बोट दाखवलं. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. पिशवी उघडली, तारा छेडल्या, मान बघितली, ब्रिजच्या मागे नख घालून बघितलं. या माणसाला काम कळत होतं. "बाराशे," तो म्हणाला.

म्हणजे वर 7,200. पहिल्या दुकानात माझ्या गिटारीला दुपटीहून जास्त भाव मिळत होता, आणि तरी तिथे दोनशे जास्त गेले असते. नवीची किंमत छापील ठेवून जुनीला फुगवायचं, एवढंच. साड्यांचं कौतुक करायचं आणि पातेलं लहान द्यायचं. आधी पातेल्याचं बोल!

आता माझ्यात आई संचारली. ब्रिज सुटतोय हे मीच आधी सांगून टाकलं, कारण त्याने बघितलेलंच होतं आणि लपवून काही वाचणार नव्हतं. पण मानेतली सळई फिरते, पेटीला कुठे तडा नाही, खुंट्या पाच वर्षांपूर्वी बदलल्यात, आणि पट्टी शिसवीची आहे हेही सांगितलं. शिसवीचा देव्हारा आमच्या गावच्या घरी आहे, तेव्हा ते लाकूड मला ओळखू येतं. त्याने "हो, शिसवीच आहे" म्हटलं. 1,500 वर तुटलं. वर द्यायचे 6,900, आणि नायलॉनच्या तारांचा एक जादा संच. बिलावर जुनीचे पैसे सूट म्हणून दाखवले. नवीचा आतल्या चिठ्ठीवरचा नंबर बिलावर लिहून घेतला, कारण वॉरंटीला तोच लागतो.

निघताना त्याने एक ताकीद दिली, ती लिहून ठेवण्यासारखी. "आवाज कमी वाटला तर हिच्यावर स्टीलच्या तारा चढवू नका. महिन्याला एक तरी येतो, ब्रिज हातात घेऊन."

आतल्या पोऱ्याने माझी जुनी गिटार उचलली तशी ती खुळखुळली. ती गेली कित्येक वर्षं खुळखुळतच होती. त्याने तिला पालथी करून भोकातून हलवलं, तर तारा छेडायचं एक पिवळं प्लेक्ट्रम पडलं, एक चार आण्याचं नाणं, आणि पेन्सिलीचा तुकडा. मुलगी दोन वर्षांची असताना गिटारीला गल्ला समजायची. "मॅडम, हे तुमचं," म्हणून त्याने तिन्ही गोष्टी तळहातावर ठेवल्या. चार आणे 2011 पासून चालत नाहीत. मी ते पर्समध्ये टाकले आणि क्यानी या इराण्याच्या हॉटेलात जाऊन एकटीने ब्रुन मस्का खाल्ला. गिटार समोरच्या खुर्चीवर बसवली होती. वेटरने दोन पाण्याचे ग्लास आणले.

पहिला आठवडा वैतागाचा गेला. नायलॉनच्या नव्या तारा ताणत राहतात. सकाळी लावलेली गिटार चहा होईपर्यंत उतरलेली असते. बदललेली गिटार सदोष आहे की काय असं मला तिसऱ्या दिवशी वाटलं. दहाव्या दिवसापासून तारा थांबल्या. जुना कॅपो, म्हणजे मानेवर लावून सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, वाया गेला. स्टीलवालीची पट्टी किंचित बाकदार असते, हिची सपाट, आणि रुंदही; त्यामुळे कॅपोखाली मधल्या तारा खरखरतात. नवा 350 चा पडला, हा खर्च कुठल्याच हिशोबात नव्हता. बोट सकाळी अजून अडकतं, पण कट् आवाज रोज येत नाही. डॉक्टर म्हणाले, बघू.

सगळ्यात मोठी अडचण कुणी सांगितलीच नव्हती. या गिटारींच्या पट्टीवर ठिपके नसतात. बावीस वर्षं पाचव्या, सातव्या, बाराव्यावर मोत्याचे ठिपके बघून मी चालत होते, आता वर गेले की रस्ताच हरवतो. म्हणून मुलीच्या नेलपॉलिशची मरून बाटली घेतली आणि मानेच्या कडेला, मला बसल्या जागेवरून दिसतील असे ठिपके दिले. पाचवा, सातवा, नववा चोख बसले. बारावा मी अकराव्यावर लावलाय. वाळल्यावर लक्षात आलं. आता रिमूव्हरने गिटारीचं पॉलिशही निघेल की काय या भीतीने तो तसाच ठेवलाय, आणि मुलगी रोज बाटली मागतेय.