तुम्ही विचारलंत म्हणून : दुकानात न मिळणाऱ्या काडतुसाची रायफल

पेन्सिल्व्हेनियातील आमच्या घरी येणारे मराठी पाहुणे तळघरातले दाबयंत्र, तराजू आणि पितळी पुंगळ्यांची (काडतुसांच्या रिकाम्या नळकांड्यांची) खोकी पाहतात आणि हमखास विचारतात : काडतुसे सहज विकत मिळत असताना, ज्या मापाचे काडतूस कोणत्याच दुकानात मिळत नाही अशी रायफल मुद्दाम का करून घेतलीत, आणि एकेक काडतूस हाताने भरत का बसता?

आमच्या भागात सोयाबीन आणि अल्फाल्फाच्या शेतांत ग्राउंडहॉग हा बिळात राहणारा लहान प्राणी बिळे करतो. पीक खातो ते वेगळेच. गुरे-घोडे त्या बिळांत पाय घालून जायबंदी होतात आणि ट्रॅक्टरचे चाक खचते. शिकारीचा परवाना आणि शेतमालकाची संमती घेऊन त्याला दुरून टिपणे ही इथली जुनी रीत आहे. लहान जनावर, लांबचे अंतर आणि बाजूने वाहणारा वारा असे तिन्ही एकत्र आले की गोळी नेमकी कोठे पडणार हे आधी ठाऊक असल्याशिवाय चाप ओढू नये, असे मला मनापासून वाटते, कारण जखमी होऊन बिळात शिरलेले जनावर कुढत मरते. माझा सारा खटाटोप त्या खात्रीसाठी आहे.

कोणत्याही कारखान्याने प्रमाणित न केलेल्या, हौशी माणसांनी जुन्या काडतुसाच्या पुंगळीला नवा आकार देऊन घडवलेल्या काडतुसाला अमेरिकेत वाइल्डकॅट म्हणतात. यातील काही पुढे राजमान्य होतात. चार्ल्स न्यूटन यांनी सॅव्हेज कंपनीसाठी .२५०-३००० हे काडतूस तयार केले, ते १९१५ साली बाजारात आले, आणि त्याच्या नावातले ३००० म्हणजे गोळीचा सेकंदाला ३००० फूट वेग. त्याच पुंगळीचे तोंड आवळून .२२ कॅलिबरची (सुमारे ०.२२ इंच व्यासाची) गोळी बसवण्याचे प्रयोग पुढे अनेकांनी केले. जेरी गेबी यांनी १९३७ मध्ये आपल्या रूपाला 'व्हार्मिंटर' हे नाव दिले आणि ते नोंदवूनही घेतले, त्यामुळे इतरांना साधे .२२-२५० असेच म्हणावे लागले. रेमिंग्टन या बंदूक कंपनीने ते स्वीकारले १९६५ मध्ये. तोवर इतकी वर्षे हे काडतूस मुख्यतः बंदूक बनवणाऱ्या कारागिरांच्या आणि घरी भरणाऱ्यांच्या बळावर टिकले होते.

माझी रायफल त्याच्याही पुढच्या पायरीची आहे. पी. ओ. ॲकली या कारागिराने अनेक काडतुसांच्या पुंगळ्यांचा निमुळतेपणा कमी करून खांदा (पुंगळी तोंडाकडे अरुंद होते तो उतार) ४० अंशांचा केला; .२२-२५० चे तसे सुधारलेले रूप मी निवडले. त्याने वेग वाढतो, पण थोडासाच, आणि केवळ वेगासाठी कोणी एवढा खर्च करू नये. मला भावते ते हे की, या आकारात पितळ तोंडाकडे कमी सरकते, म्हणून पुंगळी वारंवार कापावी लागत नाही आणि पुष्कळ वेळा भरता येते.

हा आकार मिळवण्याची रीत पाहण्यासारखी आहे. साधे .२२-२५० काडतूस या नव्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसणाऱ्या पोकळीत) घालून उडवले की आतल्या दाबाने पितळ फुगते, चेंबरच्या भिंतीला टेकते आणि पुंगळी नव्या खांद्याची होऊन बाहेर येते. मात्र त्यासाठी चेंबर मूळ मापापेक्षा ०.००४ इंचाने आखूड कापावे लागते, म्हणजे बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) बंद करताना हाताला किंचित विरोध जाणवतो आणि मान (गोळी धरणारा अरुंद भाग) व खांदा मिळतात त्या जागी काडतूस घट्ट धरले जाते. तेथे ढिलेपणा राहिला तर पुंगळी बुडाशी ताणली जाते, पितळ पातळ होते आणि कधीतरी तुटून तप्त वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतो. म्हणूनच रीमर (चेंबर कापण्याचे हत्यार) हळूहळू आत घालत, प्रत्येक वेळी गेज (खोली तपासण्याचे माप) लावून पाहणारा कारागीर मिळेपर्यंत मी थांबलो.

नळीच्या पिळावरही (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या मळसूत्री खाचांवरही) मी बराच विचार केला. .२२-२५० च्या नेहमीच्या नळ्यांत गोळी १४ इंचांत एक फेरा घेते आणि त्या फेऱ्याने लांब, जड गोळ्या हवेत स्थिर राहत नाहीत. वाऱ्याला कमी बधणाऱ्या ७५ ग्रेन वजनाच्या गोळीसाठी मी ८ इंचांचा पिळ घेतला. त्याची किंमतही आहे. सेकंदाला ३७०० फूट वेगाने सुटलेली हलकी गोळी १४ इंचांच्या पिळातून मिनिटाला सुमारे १ लाख ९० हजार फेरे घेते. ८ इंचांच्या पिळातून तेच फेरे ३ लाख ३३ हजार होतात, आणि पातळ आवरणाची गोळी इतक्या गरगरण्याने हवेतच फुटू शकते. त्या गोळ्या मी सोडून दिल्या.

काडतुसात भरायच्या दारूचे प्रमाण मी कोणालाही सांगत नाही, आग्रह झाला तरीही. एक ग्रेन म्हणजे सोनाराच्या गुंजेच्या जेमतेम निम्मे वजन, आणि त्याच्या दहाव्या भागापर्यंत तराजू नीट लावून मी दारू मोजतो. माझ्या नळीत निर्धोक असलेले माप दुसऱ्याच्या नळीत घातक ठरू शकते, आणि वाइल्डकॅटच्या बाबतीत पाठीशी कारखान्याचे प्रमाण नसते. कमी मापापासून सुरुवात करायची, वेगमापकावर आकडे पाहायचे, प्रत्येक पुंगळीचे बूड न्याहाळायचे. प्रायमर (बुडातली, दारू पेटवणारी टोपी) चपटा झाला, बुडावर इजेक्टरचा (रिकामी पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाचा) चकचकीत ठसा उमटला किंवा बोल्ट उचलायला जड गेला की त्याआधीच मागे फिरायला हवे होते असे समजायचे आणि माप उतरवायचे.

कोकणातले नातेवाईक हे ऐकून रानडुकरांसाठी असेच काही करता येईल का, असे विचारतात. तेथे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका अनेक घरांत आहेत, त्यामुळे प्रश्न स्वाभाविक आहे. पण माझे उत्तर ठाम नकाराचे असते. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतूस भरायला संघराज्याचा परवाना लागत नाही, विक्रीसाठी बनवायला लागतो. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्यावाचून दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे, आणि रानडुकराचा प्रश्न वन्यजीव कायद्याच्या व वनखात्याच्या अखत्यारीत येतो.

अशा काडतुसाच्या नळीला आयुष्य कमी असते. चेंबरपुढचा घसा तापून झिजतो, गोळीला पिळापर्यंतचे अंतर वाढत जाते आणि त्यानुसार गोळी थोडी बाहेर बसवावी लागते. ते अंतर मी वेळोवेळी मोजून वहीत लिहितो. रीमर मात्र कारागिराकडे न ठेवता विकत घेऊन मी स्वतःजवळ ठेवला आहे, कारण पुढची नळी त्याच रीमरने कापली तर पुंगळ्यांना आकार देणाऱ्या या साच्यांसाठी आणि जमवलेल्या पुंगळ्यांसाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.